गप असते तेव्हाच कामात असते

परवा साखर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली आणि आमच्या लासुर्ण्याच्या रस्त्याला पुन्हा कंठ फुटला. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर ठणाणा वाजणारी गाणी, मागून उसाची कांडी ओढायला धावणारी पोरं, आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर येणारा मळीचा वास. जरा आंबट, जरा जळकट, जरा गोड. पुण्याहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मी मात्र लॅपटॉप बाजूला सारला, खिडकी सताड उघडली आणि छाती भरून श्वास घेतला. मला हा वास आवडतो, त्यात लाज कसली! माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हंगाम याच वासात गेला. सुखाचा आणि धास्तीचाही. दोन्ही एकाच ताटात वाढलेलं होतं.

धास्ती कसली, ते आधी सांगते. माझं माहेर बारामतीचं आणि सासर लासुर्ण्याचं, पण नोकरी पुण्याची. लग्न झाल्यापासून सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. रणजित, म्हणजे माझा नवरा, इथं ऊस, मका आणि म्हशी यांच्यात. शनिवारी दुपारी मी एसटीतून उतरायची, रविवारी संध्याकाळी त्याच फाट्यावर परत उभी राहायची. नवऱ्याला सर्दी झालीय हे मला फोनवरच्या आवाजावरून कळायचं. सासरी माझ्यासाठी वेगळी ताट-वाटी काढायचे, चांगली, पाहुण्यांची. सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक वाटायचं. नंतर नंतर ती वाटी बघितली की परकं वाटायला लागलं.

मग सगळं जगच घरात बसलं, तेव्हा मीही लॅपटॉप घेऊन इथं आले. ते दिवस वाईट होते, त्यांच्याबद्दल हसत बोलवत नाही. पण रणजित आणि मी पहिल्यांदा सलग एका घरात राहिलो, हेही खरंच. पुढं ऑफिसं उघडली, एकेकाला बोलावणं यायला लागलं. मी आमच्या टीमच्या प्रमुख मीनल मॅडमना फोन लावला. बाई पक्क्या पुणेकर, शब्द मोजून वापरणाऱ्या.

"घरून तू तेवढंच काम करतेस का, हे मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुला तरी कळतं का?"

मी म्हटलं, "एक हंगाम द्या, मॅडम. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उसाचं गाळप संपेपर्यंत."

"म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत?"

"ते कारखान्यावर आहे."

मग त्या हसल्या. "बरं. तुमचा तो पट्टा पडला की बोलू. तेव्हा मला याच प्रश्नाचं उत्तर दे. पटलं तर तिथं राहा, नाहीतर बॅग भर." बस, एवढंच होतं. त्या एका उत्तरावर ठरणार होतं, मी या घरात राहणार की पुन्हा शनिवारची पाहुणी होणार.

आणि गंमत बघा, उत्तर मलाच माहीत नव्हतं.

ऑफिसात काम केल्यासारखं वाटणं फार सोपं असतं. सकाळी ट्रॅफिकमधून धापा टाकत पोचायचं, दाराला कार्ड लावायचं, खुर्ची वळवून कुणाशी तरी बोलायचं, कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून "काय बाई, आज श्वास घ्यायला फुरसत नाही" असं म्हणायचं. संध्याकाळी पाय दुखायचे आणि मन म्हणायचं, दमलो, म्हणजे बरंच झालं की काम. इथं तसं काहीच नाही. वरच्या मजल्यावरची खताची पोती हलवून रणजितनं मला एक खोली करून दिली होती. तिथं बसायचं आणि उठायचं. संध्याकाळी लॅपटॉप मिटून खाली यावं, तर ओट्यावर आत्यांनी तोडलेल्या शेंगांचा हा एवढा ढीग. (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा.) दारात रणजितनं आणलेली वैरण. गोठ्यातून दुधाच्या किटल्या निघालेल्या. सगळ्यांचं दिवसभराचं काम दारात दिसतंय, आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर रिकाम्या हातानं उभी. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात माझं काम तरी काय, तर चुका शोधायचं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा, इकडून तिकडून दाबून बघायचा आणि कुठं बिघडतो ते सांगायचं. आत्यांना मी हे समजावून सांगितलं होतं. त्या रोज संध्याकाळी चहा देताना विचारायच्या.

"गावली का आज चूक?"

"नाही, आत्या."

"आगं बाई! म्हंजे दिस वाया?"

"तसं नाही..."

"मंग तूच एखांदी घालून ठिवायची की. उद्याच्याला घावंल."

त्या मनापासून सुचवायच्या. मला हसूही यायचं आणि रडूही. कारण वाया गेला की नाही, हे माझं मला कुठं ठाऊक होतं?

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय म्हणजे मी रोज ऑफिसला जायला लागले. हसू नका. सकाळी अंघोळ करून चांगला ड्रेस घालायचा, खांद्याला बॅग लावायची, पायात बूट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. पुढच्या दारानं बाहेर पडायचं, गोठ्याला वळसा घालायचा, परसातल्या शेवग्याखालून मागच्या दारानं आत शिरायचं आणि जिना चढायचा. त्या एका वळशानं मला काहीतरी व्हायचं खरं. खोलीत पोचेपर्यंत मी नोकरीवाली झालेली असायची. पहिल्याच दिवशी आत्यांनी हटकलं.

"कुठं निघालीस?"

"ऑफिसला."

आत्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. मी आता तोंडावर पडणार, असं मला वाटलं. त्या आत गेल्या आणि बाहेर येऊन माझ्या हातात डबा ठेवला. "उपाशी जाऊ नगं," म्हणाल्या. त्या दिवसापासून मला रोज डबा. भाकरी, पिठलं, ठेचा, फडक्यात बांधून. मी गोठ्याला वळसा घालून वर जायची आणि दुपारी एकटीच पोत्यांशेजारी बसून तो खायची, खाली चूल पेटलेली असताना. जगात कुणाची सासू अशी असेल असं मला वाटत नाही.

गावाची मात्र करमणूक झाली. आमच्या शेजारी मुमताजभाभी राहतात. त्या घरी शिवणकाम करतात. आमच्या निम्म्या गल्लीची पोलकी त्यांच्या हातची. मशीनवरून मान वर करून त्या मला रोज निरोप द्यायच्या, "सांभाळून जा गं, गोठ्यापाशी ट्रॅफिक लई असतं." म्हैस आडवी उभी असली तर मला उशीर झालेला त्या बरोबर हेरायच्या. एकदा मी त्यांच्याकडं ब्लाऊज टाकायला गेले आणि सहज म्हटलं, "भाभी, तुम्हीही घरूनच काम करता. तुम्हाला कुणी रिकामटेकडं म्हणत नाही ते?"

"कसं म्हनतील? माझं मशीन वाजतंय की," त्या दोरा दातानं तोडत म्हणाल्या. "तुझं काम वाजत न्हाय."

मी हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं, आणि मी त्यातून अगदी उलटा धडा घेतला. ठरवलं, आपणही वाजवायचं. सकाळी टीमला निरोप: कामाला बसले. चहाला उठले तर निरोप: पाच मिनिटांत येते. आले की निरोप: आले. कुणीही काही विचारलं की सगळ्यात आधी उत्तर माझं. बोलावलेल्या मीटिंगला तर जायचीच, न बोलावलेल्याही मीटिंगला जाऊन बसायची. माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून जेवताना एका हातानं माउस हलवायची. रणजित एकदा म्हणाला, "तू कामाला आहेस का राखणीला?" मी त्याच्यावर अशी खेकसले, की तो बिचारा म्हशींकडं निघून गेला. मला काय सांगायचं होतं ते मी सांगितलंच नाही. सांगायचं होतं, की हा ठिपका विझला तर मी पुन्हा फाट्यावर उभी राहीन.

तो हंगाम आठवला की आधी आठवते ती थंडी. इथली थंडी पहाटे उसात धुकं घालते आणि दुपारी विसरून जाते. हुरडा आठवतो. आपल्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या खोपटांवर, परतणाऱ्या ऊसतोडीच्या बायकांच्या डोक्यावरचे वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, हिरवे भारे आठवतात. एका रविवारी आम्ही सगळे नरसिंहपूरला गेलो होतो. देवदर्शन झालं, संगमावर बसून खिचडी खाल्ली, आणि परत येताना गाडीत मी शेवटच्या सीटवर रणजितच्या खांद्यावर झोपले. रविवार संध्याकाळ होती आणि मला कुठंही जायचं नव्हतं. साधी गोष्ट. पण जाग आल्यावर काही क्षण मला कळेचना, की एवढं बरं का वाटतंय.

संक्रांत झाली आणि आत्यांनी हळदी-कुंकू ठेवलं. कामाचा दिवस, भर दुपार. मी वर एका अवघड जागी पोचले होते. दोन दिवस एक चूक मला हुलकावणी देत होती. कधी दिसायची, कधी नाही. आता तिची शेपटी हातात आली होती. श्वास रोखून मी एकेक पायरी करून बघत होते. एवढ्यात जिन्यावर बांगड्यांचा आवाज, आणि पाठोपाठ आत्या सगळ्या बायकांना घेऊन थेट खोलीत. "या, या. मोकळीच हाय ती. मगापासनं गप बसलीया."

कुणीतरी माझ्या कपाळाला हळद लावली, कुणी ओटीत गाजर-बोरं घातली, आणि ती शेपटी हातातून सुटली. माझं डोकंच फिरलं.

"आत्या, मी गप असते तेव्हाच कामात असते!"

मुमताजभाभी तिळगूळ घ्यायला आल्या होत्या, त्यांचा हात वाटीतच राहिला. आत्यांचा चेहरा उतरला. चारचौघीत सून बोलली, हे त्यांना लागलंच असणार. पण त्या चिडल्या नाहीत. जरा विचार करून त्यांनी शांतपणे विचारलं, "आन् मंग बोलत असतीस तवा? ती कानाला टोपडं लावून?"

आता खोटं काय बोलायचं? "तेव्हा... तेव्हा बऱ्याचदा नुसतं ऐकायचं असतं. तेव्हा मी मटार सोलते."

आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आन् मी हितं दोन महिनं मिक्सर बंद ठिवून पाट्यावर चटणी वाटतीया! सून बोलतीया, सून कामात हाय, म्हनून! ह्यास्नी खोकू देत न्हाय, म्हशीला हंबरू देत न्हाय!"

पहिल्यांदा भाभी फुटल्या. मग सगळ्याच. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या आधी रागानं आणि मग हसण्यानं लालबुंद झाल्या. त्यांना ठसका लागला म्हणून मी पाणी द्यायला गेले, तर त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि जवळ ओढलं. मीही त्यांच्या पदरात तोंड घालून खूप हसले. दोन महिने ती बाई माझ्या मटार सोलण्यासाठी पाट्यावर मनगटं मोडत होती.

हे लिहितेय आणि खाली आमचा मिक्सर गरगरतोय. आता आत्यांचा नियम पक्का आहे. मी मोठ्यानं बोलत असले की घरात काहीही करा, टीव्ही लावा, भांडी आपटा, भांडा. मी गप झाले की दारातल्या कुत्र्यालाही त्या दटावतात. नवीन आलेल्या पाहुण्यांना हे उलटं प्रकरण समजत नाही. त्या समजावत बसतात आणि त्यात माझी शेखी थोडी जास्तच मिरवतात.

पण त्या दिवशी बायका गेल्यावर खोलीत बसले आणि हसू ओसरलं. आत्यांना हसले खरी, पण मी तरी दुसरं काय करत होते? ज्या दिवशी पाच-सहा मीटिंगा व्हायच्या, त्या दिवशी मी जिना रुबाबात उतरायची. आणि ज्या दिवशी गप बसून एखादी अवघड चूक मुळापासून उपटायची, त्या दिवशी चोरासारखी. आत्यांचं माप आणि माझं माप एकच होतं. आवाज झाला म्हणजे काम झालं.

मग मी निरोप बंद केले. ठिपक्याची राखण सोडली. नको त्या मीटिंगा नम्रपणे टाळायला लागले. सकाळचा वळसा आणि डबा तेवढा ठेवला, तो हौस म्हणून. हे सगळं वाचायला सोपं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. तिकडं मीनल मॅडमना माझा आवाज येणं बंद झालं म्हणजे त्यांना काय वाटेल? बघा, गावाला गेली आणि सुस्तावली. मी माझ्या हातानं माझं तिकीट काढत होते, असं रोज एकदा तरी वाटायचं.

अशाच एका सकाळी लाईट गेली, नेटही गेलं. फोनवर मॅडमना तेवढं कळवलं आणि मामांच्या मागं रानात गेले. मामा म्हणजे सरळ ताठ म्हातारा. सकाळी खांद्यावर खोरं टाकून निघायचा आणि अकराला चिखलाच्या पायांनी परत यायचा, त्यात खाडा नाही. रानात गेल्यावर मी इकडं तिकडं बघितलं. पाणी सोडायला पाट नाही, खोऱ्यानं माती ओढून दारं धरायची नाहीत. सगळ्या उसाला रणजितनं ठिबक केलं होतं आणि त्याची बटणं त्याच्या मोबाईलवर होती. तो बारामतीच्या बाजारात उभा राहून इथलं पाणी चालू-बंद करायचा.

"मामा, मग खोरं कशाला आणता?" मी विचारलं.

मामा बांधावर बसले. मग म्हणाले, "सवय. मोकळ्या हातानं रानात यायला लाज वाटती गं." आणि पाय पुढं करून दाखवले. "ह्यो चिखुल बी मीच करतो. हौदापाशी."

मला गोठ्याला घातलेले वळसे आठवले. गळ्यातलं कार्ड चाचपून बघितलं, ते होतंच. खोरंवाला आणि कार्डवाली, दोघं शेजारी शेजारी बसलो होतो.

"ऊस जोरात हाय," मामा म्हणाले. "वाईट न्हाय काई. पन सांजच्याला वाटतं, आपण केलं काय? पोरानं बटान दाबलं. मी काय केलं?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मला गप बसवेना. "मामा, तुम्ही रोज त्या नळ्यांच्या कडेनं चालता ना? कुठं तुंबली, कुठं उंदरानं कुरतडली, ते कोण बघतं?"

"ते व्हय. ते तर बघावंच लागतंय."

"आणि कुठंच काही सापडलं नाही तर?"

"न्हाय सापडलं तर बरंच की. म्हंजे समदीकडं पानी पोचलं."

"मग तो दिवस वाया?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "वाया कसा? बघितलं म्हनून तर कळलं, पोचलं म्हनून."

मी त्यांची समजूत घालायला निघाले होते. आणि बोलता बोलता माझीच समजूत पटली. एवढा हलका श्वास मी कितीतरी महिन्यांनी घेतला असेन. सापडलं नाही तर बरंच की! हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. मी खळखळून हसले तशी मामांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "आपण दोघं एकाच नोकरीत आहोत, मामा." त्यांना ते इतकं आवडलं, की जेवताना त्यांनी आत्यांना ते दोनदा सांगितलं. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाले, "काय मॅडम, आज काय घावलं?" मी म्हटलं, "काही नाही." "लई झ्याक," मामा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

कधी कधी अजूनही तसे दिवस येतात. सगळं होऊनही काहीच न झाल्यासारखे. तेव्हा मी लॅपटॉप मिटून पाच मिनिटं नुसती बसते आणि स्वतःला विचारते, पाणी पोचलं का? बहुतेक वेळा पोचलेलं असतं. नसलं तर उद्या बघू म्हणते, आणि खाली चहाला जाते.

ऊन तापायला लागलं, कोप्या एकेक करून उठायला लागल्या आणि गावात कुजबुज सुरू झाली, कारखाना या आठवड्यात पट्टा पाडणार. आमचा ऊस अगदी शेवटी तुटला. रणजित दोन ट्रॉल्या घेऊन भल्या सकाळी कारखान्यावर गेला. निघताना म्हणाला, "आज आहे ना तुझा फोन?" मी मान हलवली. तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण ट्रॅक्टर चालू करून गेला. आम्ही दोघंही त्या विषयाला हात लावत नव्हतो. लग्न झाल्यापासून इतके महिने सलग आम्ही कधी एकत्र राहिलो नव्हतो, आणि ते संपेल ही गोष्ट तोंडानं म्हणायची हिंमत दोघांतही नव्हती.

मीनल मॅडमनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. "पट्टा पडला का?"

"आज-उद्या पडेल, मॅडम."

"मग सांग. तिथं तू तेवढंच काम करतेस का?"

मी उत्तर पाठ केलं होतं, चांगलं दणदणीत. ते तोंडातून निघालंच नाही. म्हटलं, "मॅडम, खरं सांगू? कितीतरी संध्याकाळी मला वाटतं, आज मी काहीच केलं नाही. सुरुवातीला त्या भीतीनं मी नुसते निरोप धाडत बसायची. मग ते सोडलं. आता गप बसून काम करते. ते जास्त की कमी, तुम्हीच बघून सांगा. पण मला इथं राहायचंय. फार राहायचंय."

ऑफिसच्या फोनवर असं कुणी बोलतं का? पण बोलून गेले.

मग त्या म्हणाल्या, "जानेवारीत तुझे निरोप अचानक थांबले, तेव्हा मी ठरवलं होतं, हिला परत बोलवायचं. म्हणून तुझं सगळं काम उघडून बसले. त्याआधी कधी बघितलंच नव्हतं नीट, निरोपच इतके यायचे." त्या हसल्या. "तुझ्या हातून पुढं गेलेल्या कामात मला काही सापडलं नाही गं."

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

"आणि एक सांगू? मी रोज ऑफिसात मीटिंगा करून दमून घरी जाते. विचारलंस, काय केलं, तर मलाही सांगता यायचं नाही. राहा तिथं. अधूनमधून तोंड दाखवायला ये."

मी खाली कशी आले, आठवत नाही. आत्यांच्या गळ्यात पडले, मामांच्या पाया पडले, त्यांना काय झालं ते सांगितलं की नाही तेही आठवत नाही, आणि स्कूटी काढून थेट कारखान्याचा रस्ता धरला. फोन करता आला असता, पण ही गोष्ट मला फोनवर सांगायची नव्हती. आयुष्यभराच्या सगळ्या गोष्टी फोनवरच सांगून झाल्या होत्या.

कारखान्यावर ट्रॅक्टरांची ही लांबलचक रांग. माणसं ट्रॉल्यांच्या सावलीला गप्पा मारत बसलेली. रणजित मला लांबूनच दिसला. त्यानंही मला बघितलं आणि ताडकन उठला; घरात काही बरंवाईट झालं की काय, असा चेहरा. मी स्कूटी लावली, धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिले आणि एकच शब्द बोलता आला. "राहिले."

चारचौघांत डोळे पुसायची त्याला लाज वाटते, म्हणून ट्रॅक्टरच्या टायरवर उगाच हात फिरवत राहिला. मी मात्र सरळ रडत होते. मागच्या ट्रॅक्टरवर गावातले बाळूतात्या होते. ते घाईघाईनं खाली उतरले.

"काय झालं रं रणजित? सूनबाई एवढ्या उन्हाची का आली? रडती का? नोकरी गेली का काय तिची?"

"न्हाय तात्या," रणजित म्हणाला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नांदायला आली."